पेशी व जनुक उपचारांचे पदव्युत्तर शिक्षण : प्रवराकाठावरून एक चिकित्सा

प्रास्ताविक

बेलापूर या नावाची महाराष्ट्रात एकाहून अधिक ठिकाणे आहेत. त्यांपैकी एक अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या काठी वसलेले आहे. श्रीरामपूर शहराचे रेल्वेस्थानक याच गावाच्या नावाने उभे राहिले आणि हरेगावचा खासगी साखर कारखाना चालविणारी कंपनीही ‘बेलापूर कंपनी’ म्हणूनच ओळखली गेली. दुसरे बेलापूर नवी मुंबईत आहे. या दुसऱ्या बेलापूरपासून काही किलोमीटरवर, खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राचे प्रगत कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण केंद्र आहे. तेथे ४ जून २०२१ रोजी भारतातील पहिला कार-टी पेशी उपचार एका रुग्णाला देण्यात आला. साहजिकच जैवतंत्रज्ञान आणि बेलापूर हे दोन शब्द एकत्र आले की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे नवी मुंबईच येते.

नावांचा हा योगायोग किरकोळ मानता येईल. परंतु दोन बेलापुरांमधील अंतर केवळ मैलांचे नाही. प्रवराकाठच्या गावातून बी.एस्सी. होऊन पुढे शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पेशी व जनुक उपचार हा विषय आज खुणावत आहे. त्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण त्याला काय देते, काय देत नाही आणि तो शिकून गावी परतला तर गावाला त्याचा काय उपयोग होतो, हे प्रश्न मात्र अभ्यासक्रमांच्या चर्चेत क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात या शिक्षणाच्या घडणीची चिकित्सा करावयाची आहे. (मराठीत ‘चिकित्सा’ या शब्दाला उपचार आणि परीक्षण असे दोन्ही अर्थ आहेत, ही या विषयापुरती मोठीच सोय म्हटली पाहिजे.) हे शिक्षण रेणूपाशी सुरू होते आणि रेणूपाशीच संपते, पेशी हाताळणारा हात आणि त्या पेशीचा धनी असलेला माणूस या दोघांनाही त्यात पुरेशी जागा मिळालेली नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

जिवंत औषधाचे शास्त्र

प्रथम विषयाचे वेगळेपण ध्यानात घ्यावे लागेल. तापाची गोळी कारखान्यात लाखोंच्या संख्येने तयार होते. एक हातातून पडली तर दुसरी घेता येते. कार-टी उपचाराचे तसे नाही. रुग्णाच्या रक्तातून त्याच्याच टी-पेशी वेगळ्या काढल्या जातात. निरुपद्रवी करून घेतलेल्या लेंटिव्हायरस गटातील विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात एक नवे जनुक घातले जाते. त्या जनुकाच्या आज्ञेनुसार पेशीच्या पृष्ठभागावर एक कृत्रिम ग्राहक तयार होतो आणि तो ‘सीडी-१९’ हे प्रथिन धारण करणाऱ्या बी-पेशींना नेमके ओळखतो. मग या बदललेल्या पेशी निर्जंतुक वातावरणात वाढवतात, तपासतात, अतिशीत तापमानात गोठवतात. इकडे रुग्णाला केमोथेरपी देऊन शरीरात त्यांच्यासाठी जागा करतात आणि शेवटी सलाईनसारख्या पिशवीतून त्या त्याच्याच शिरेत परत सोडतात. या पिशवीवर एकाच माणसाचे नाव असते. तिच्यात जंतूंचा शिरकाव झाला तर दुसऱ्या कोणाची पिशवी त्याला देता येत नाही. आणि आजार बळावलेल्या रुग्णाकडून पुन्हा पेशी घेण्याइतका अवधी उरलेला असेलच, असेही नाही.

भारतात हे घडले त्याचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्रा. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा स्मारकातील डॉक्टर यांच्या सहकार्यातून ‘नेक्सकार-१९’ हा उपचार सिद्ध झाला. इम्युनोॲक्ट या कंपनीने त्याचे उत्पादन हाती घेतले. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आय.आय.टी.मध्ये त्याचे लोकार्पण झाले. २०२५ साली ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात त्याच्या चाचण्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ६४ रुग्ण चाचणीत सहभागी झाले. ज्या ५१ जणांच्या परिणामांचे मूल्यमापन करता आले त्यांपैकी ७३ टक्के रुग्णांमध्ये उपचाराला प्रतिसाद दिसला.

या शेवटच्या वाक्यातील ‘प्रतिसाद’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रतिसाद म्हणजे बरे होणे नव्हे. रोगाच्या खुणा कमी झाल्या किंवा तपासणीत दिसेनाशा झाल्या, एवढाच त्याचा अर्थ. तो किती काळ टिकतो हा पुढचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर रोगाच्या प्रकारानुसार बदलते. वृत्तपत्रांच्या मराठीत मात्र या एका शब्दाच्या जागी ‘कर्करोगमुक्त’, ‘संजीवनी’, ‘वरदान’ असे शब्द सर्रास येतात. आकडा तोच राहतो, पण तो ऐकणाऱ्याच्या घरात त्याचा अर्थ पार बदलून जातो. जमीन विकावी की ठेवावी, हा निर्णय त्या बदललेल्या अर्थावर घेतला जातो.

अभ्यासक्रमाचा साचा

महाराष्ट्रात या विषयाकडे जाणारी वाट अजूनही बहुतांशी एम.एस्सी. जैवतंत्रज्ञानातूनच जाते. हा अभ्यासक्रम ज्या मोजक्या विद्यापीठांत १९८० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाला त्यांत पुणे विद्यापीठ होते. १९८६ मध्ये केंद्रात जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन झाला. त्याच वर्षी पुण्यात प्राणिपेशी व ऊतिसंवर्धनाची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली. तीच पुढे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र झाली. त्या काळाची गरज संशोधक घडविण्याची होती. पेशीविज्ञान, जीवरसायन, अनुवंशशास्त्र, प्रतिकारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, शेवटी एक छोटा प्रकल्प, अशी अभ्यासक्रमाची रचना त्या गरजेतून आली आणि तिने आपले काम चोख केले. या साच्यातून निघालेले विद्यार्थी देशोदेशींच्या प्रयोगशाळांत गेले. साच्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु चाळीस वर्षांपूर्वीचा साचा तसाच ठेवून त्यात ‘कार-टी’, ‘क्रिस्पर’, ‘एएव्ही’ असे नवे घटक भरले म्हणजे नवा अभ्यासक्रम तयार होतो, ही समजूत तपासावी लागेल.

या साच्यात विद्यार्थी लेंटिव्हायरसची रचना पाठ करतो, आकृती काढतो, तिला नावे देतो. पण हातमोज्यांसह दोन तास निर्जंतुक कक्षात उभे राहून एकही चूक न करता माध्यम बदलणे, प्रत्येक कृतीची नोंद त्याच क्षणी करणे, खाडाखोड करायची झाल्यास एक रेघ ओढून सही व तारीख घालणे, शंका आली तर बॅच थांबवण्याचे धैर्य दाखवणे, या गोष्टींचे मूल्यमापन लेखी परीक्षेत होऊ शकत नाही आणि म्हणून त्या शिकवल्याही जात नाहीत. उत्पादन केंद्रात रोज लागतात त्या नेमक्या याच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर रचनेत संशोधनपद्धती, कार्यप्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प यांना स्वतंत्र श्रेयांक मिळाले. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक म्हणजे सुमारे १२० तास. एका रुग्णाच्या पेशींची एक बॅच आरंभापासून अखेरपर्यंत पाहण्यातच हे तास खर्ची पडतील. आणि पाहणे म्हणजे करणे नव्हे. शिवाय असे प्रशिक्षण देऊ शकणारी केंद्रे मुंबई, पुणे, बंगळूर, वेल्लोर अशा ठिकाणी एकवटलेली आहेत. श्रीरामपूरच्या बोरावके महाविद्यालयातून किंवा परिसरातील अन्य महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला तेथे महिनाभर राहण्याचा खर्च कोणी द्यावयाचा, याचे उत्तर श्रेयांकांच्या तक्त्यात नसते.

परदेशात, उदाहरणार्थ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, पेशी व जनुक उपचार याच नावाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. आपल्याकडे कोल्हापुरात मूलपेशी व पुनर्जनन वैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाऊ लागले आहे. नावाचा स्वतंत्र अभ्यासक्रम असणे ही एक पायरी झाली. त्या नावाखाली काय शिकवायचे याचा निकष कोठून आणावा, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे एक उत्तर, थोडे अनपेक्षितपणे, प्रवरेच्याच खोऱ्यात सापडते.

कमल रणदिवे : एका कार्याचे दोन तुकडे

डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागा, फर्ग्युसन आणि नंतर पुण्याचे कृषी महाविद्यालय असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास झाला. १९४३ साली त्यांनी एम.एस्सी. केले ते सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी-अनुवंशशास्त्रावर. म्हणजे पुढे कर्करोगाच्या पेशी वाढविणाऱ्या या संशोधिकेने गुणसूत्रे प्रथम मोजली ती सीताफळ-रामफळाच्या कुळाची. विवाहानंतर मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. नंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि परतल्यावर १९६० च्या दशकात मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात या देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज ज्या कौशल्यावर कार-टी उपचार उभा आहे, म्हणजे माणसाच्या पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवणे, त्याची भारतातील परंपरा येथून सुरू होते. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या (१९७३) त्या एक संस्थापक होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्याविषयीच्या लेखनात येथवरचा भाग ठळक असतो. उत्तरायुष्यातील कामाला बहुधा एखाद्या वाक्याची जागा मिळते. ते काम म्हणजे अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात ‘सत्यनिकेतन’ या स्वयंसेवी संस्थेबरोबर केलेला आदिवासी मुलांच्या पोषणस्थितीचा अभ्यास आणि ग्रामीण स्त्रियांना दिलेले आरोग्याचे शिक्षण. अकोले म्हणजे प्रवरेचे उगमाकडील खोरे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी ही नदी भंडारदऱ्याच्या धरणातून सुटून अकोले, संगमनेर करीत बेलापूरपाशी येते आणि पुढे नेवाशाजवळ प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. भारतात पेशीसंवर्धन आणणारी स्त्री ज्या नदीच्या वरच्या अंगाला मुलांची पोषणस्थिती तपासत होती, त्याच नदीच्या खालच्या अंगाला आज पेशी उपचारांचा अभ्यास करू इच्छिणारा विद्यार्थी बसला आहे, आणि त्याच्या पाठ्यक्रमात या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असल्याचे कोठेही सूचित होत नाही.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी गूगलने त्यांच्या १०४ व्या जन्मदिनानिमित्त मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले. चित्रात त्या सूक्ष्मदर्शकासह होत्या. चित्रकाराचा दोष नाही. गौरवलेखांतूनही हीच प्रतिमा रूढ झाली आहे. प्रयोगशाळेतील रणदिवे ‘वैज्ञानिक’ आणि अकोल्यातील रणदिवे ‘समाजसेविका’ अशी वाटणी आपण करून टाकली. पहिली विज्ञान शाखेच्या भित्तिपत्रकावर गेली आणि दुसरी महिलादिनाच्या भाषणात. या वाटणीत विज्ञानाचे नुकसान अधिक झाले. कारण अकोल्यातील कामातही निरीक्षण होते, मोजमाप होते, नोंद होती. फक्त नमुना काचेच्या बशीत नव्हता, तो समोर उभा राहून प्रश्न विचारू शकत होता. अर्थात रणदिवे यांनी पोषणाचा अभ्यास केला तो जनुक उपचारांची पूर्वतयारी म्हणून नव्हे, आणि त्यांच्या नावे तसा दावा करणे हा इतिहासावर अन्याय ठरेल. दोन्ही कामे एकाच व्यक्तीला आवश्यक वाटली, एवढीच वस्तुस्थिती येथे पुरेशी आहे.

ज्या जॉर्ज गे यांच्याकडे रणदिवे शिकल्या त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी अखंड वाढू लागल्या. ‘हेला’ या नावाने त्या जगभर गेल्या, एम.एस्सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्या ठाऊक असतात. त्या पेशी घेताना त्या स्त्रीची संमती घेतलेली नव्हती. पेशीसंवर्धनाच्या शास्त्राचा सर्वांत प्रसिद्ध नमुना न विचारता घेतलेला आहे. जनुक उपचारांच्या इतिहासातही तेच वळण पुन्हा येते. सप्टेंबर १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणीत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण दगावला. पुढील चौकशीत असे निष्पन्न झाले की, अशाच प्रकारच्या उपचारानंतर काही माकडे मेली होती ही माहिती त्याने सही केलेल्या संमतिपत्रात नव्हती. पाठ्यपुस्तके या घटनेतून विषाणू-वाहकावरील प्रतिकारप्रतिक्रिया शिकवतात. ती शिकवायलाच हवी. पण संमतिपत्र हा त्या प्रयोगाचा तितकाच सदोष घटक होता, आणि त्यावर मात्र ‘नीतिशास्त्र’ या शीर्षकाखाली एखादा तास पुरतो.

संमतीची भाषा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये जनुक उपचारांच्या उत्पादनासाठी व चाचण्यांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या नवीन औषधे व नैदानिक चाचणी नियमांनी अशा उत्पादनांना नवीन औषधांच्या कक्षेत आणले. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घेणे हा या व्यवस्थेचा पाया आहे. महाराष्ट्रात ही भाषा बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत मराठी आहे. हे मराठी लिहिणार कोण? इंग्रजी मसुदा भाषांतरकाराकडे जातो. त्याला शास्त्र ठाऊक नसते. ज्या एम.एस्सी. पदवीधराला शास्त्र ठाऊक असते, त्याला बारावीनंतर मराठीत एक परिच्छेदही लिहावा लागलेला नसतो.

परिणामी परिभाषेतील खाचखळगे तसेच राहतात. ‘वाहक’ या एकाच शब्दाचे उदाहरण पुरेसे आहे. जनुक पेशीत नेणाऱ्या निरुपद्रवी विषाणूला मराठीत वाहक म्हणतात. आजाराचे एक सदोष जनुक अंगात बाळगणाऱ्या, पण स्वतः आजारी नसलेल्या माणसालाही वाहकच म्हणतात. (एस.टी.त तिकीट फाडणाराही वाहकच. पण त्याने निदान गोंधळ होत नाही.) सिकलसेल हा आजार नंदुरबार, गडचिरोली अशा आदिवासीबहुल जिल्ह्यांत मोठा प्रश्न आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि तपासणीतून ‘तुम्ही वाहक आहात’ हे वाक्य घराघरांत पोहोचू लागले. त्याच आजारासाठी क्रिस्पर तंत्राचा उपचार ब्रिटनमध्ये व अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्य झाला. भारतातही दिल्लीच्या आय.जी.आय.बी. या संस्थेने विकसित केलेला ‘बिरसा १०१’ हा उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले. उद्या एखाद्या जनुक उपचाराच्या माहितीपत्रकात ‘वाहकाद्वारे जनुक शरीरात सोडले जाईल’ असे वाक्य आले, तर स्वतः वाहक असलेला बाप त्याचा काय अर्थ घेईल? आपल्याच रक्तातून मुलात काही सोडणार, असे त्याला वाटले तर तो चुकला असे म्हणता येणार नाही. ‘विषाणू-वाहन’ किंवा सरळ ‘जनुक पोहोचविणारा विषाणू’ असे म्हटल्यास हा गोंधळ टळतो. असा निर्णय शब्दकोशाच्या समितीने एकदा घेऊन भागत नाही. तो रुग्णासमोर बसणाऱ्याला घ्यावा लागतो.

‘मूलपेशी’ आणि ‘स्कंधपेशी’ यांचा वाद जुना आहे. विश्वकोशात ‘कोशिका’, शालेय पुस्तकांत ‘पेशी’. कोठे ‘जीन’, कोठे ‘जनुक’. विद्वानांनी यांवर पुष्कळ शाई खर्च केली आहे आणि येथे त्यात भर घालण्याचे प्रयोजन नाही. त्याहून लक्षणीय गोष्ट ही की, प्रवराकाठच्या शेतकऱ्याकडे या शास्त्रातील एक शब्द आधीच आहे. ‘टिश्यू कल्चर’ म्हणजे काय, हे या भागात केळीची किंवा डाळिंबाची रोपे घेणाऱ्याला सांगावे लागत नाही. टिश्यूची रोपे प्रयोगशाळेत तयार होतात, ती एकसारखी निघतात, सुरुवातीला नाजूक असतात, प्रयोगशाळेत बुरशी शिरली तर सगळी बाटली फेकावी लागते, हे त्याला माहीत असते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे. शरीराबाहेर पेशी वाढविणे म्हणजे काय, हे सांगायला ‘ऊतिसंवर्धन’पेक्षा ही बाटली अधिक उपयोगी पडेल.

मात्र उपमेची मर्यादाही त्याच वेळी सांगावी लागेल. वनस्पतीच्या लहानशा तुकड्यातून सगळे झाड उभे राहते. माणसाच्या टी-पेशीतून माणूस किंवा एखादा अवयव उभा राहत नाही. ही मर्यादा न सांगितल्यास गुडघ्यापासून मेंदूपर्यंत सर्व काही ‘स्टेम सेल’ने नव्याने उगवून देतो म्हणणाऱ्या जाहिरातदाराचेच काम सोपे होते. मूलपेशी संशोधनाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मान्य आजारांसाठीचे रक्तोत्पादक मूलपेशींचे रोपण वगळता अन्य वापर नित्याचा उपचार म्हणून देण्यास मनाई केली आहे. बेलापूरसारख्या गावात अशी जाहिरात मोबाईलवर आली की शेजारी ती घेऊन कोणाकडे जातात? गावातल्या शिकलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे. तिच्या पदव्युत्तर शिक्षणाची खरी तोंडी परीक्षा तेथे, ओट्यावर होते, आणि तेथे इंग्रजी उत्तर चालत नाही.

यावर आक्षेप येऊ शकतो. या क्षेत्रातील नोकऱ्या, नियमावली, संशोधनपत्रे सर्व इंग्रजीत आहेत; ग्रामीण विद्यार्थ्याची इंग्रजीच आधी कच्ची असते, त्यात त्याच्यावर मराठीचा भार कशाला? आक्षेपात तथ्य आहे. इंग्रजीला पर्याय म्हणून मराठी आणली तर त्या विद्यार्थ्याचेच दार बंद होईल. पण येथे मागणी माध्यमबदलाची नाही. निर्जंतुक कक्षात उभे राहणे जसे कौशल्य आहे तसेच गुंतागुंतीची गोष्ट खोटी न करता सोपी सांगणे हेही कौशल्य आहे, आणि ग्रामीण विद्यार्थी या दुसऱ्या कौशल्यात शहरी विद्यार्थ्याच्या पुढे असण्याचा संभव अधिक. याच प्रवरेच्या काठी, नेवाशात, शके १२१२ मध्ये संस्कृतातील अवघड विचार मराठीत सांगितला गेला. त्या कामाशी तुलना करण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु अवघड ते मराठीत मावत नाही, ही सबब निदान या नदीच्या काठी तरी देता येत नाही.

मालकीचा प्रश्न

किमतीचा मुद्दा येथे थोडक्यात घेता येईल. अमेरिकेत पहिल्या कार-टी उपचाराची किंमत २०१७ मध्ये पावणेपाच लाख डॉलर ठेवली गेली. भारतीय उपचार त्या तुलनेत पुष्कळ स्वस्त, तरी बाजारात आला तेव्हा सुमारे ४० लाख रुपयांच्या घरात होता. पाठीच्या कण्याशी संबंधित स्नायूक्षय असलेल्या बालकांसाठीचे एकदाच द्यावयाचे जनुक औषध तर सोळा कोटींचे म्हणून महाराष्ट्रात घरोघर ठाऊक झाले. २०२१ च्या सुमारास लोकवर्गणीची आवाहने प्रत्येकाच्या मोबाईलवर आली होती. या परिसराने महाग यंत्राचा प्रश्न एकदा वेगळ्या रीतीने सोडविलेला आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीच्या माळावर १९५० मध्ये सहकारी साखर कारखान्याची धुरांडी पेटली, तेव्हा बेलापूर कंपनीसारख्या खासगी कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी स्वतः मालक झाला. पेशी उपचाराला हा नमुना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. उसाचे गाळप आणि पेशींची वाढ यांत सहकारापुरतेही साम्य फार नाही. परंतु ज्या लोणीत आज अभिमत विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्याने किंमत कशी ठरते, तिच्यात विषाणू-वाहनाच्या आयातीचा वाटा किती, निर्जंतुक कक्षाचा किती, स्वामित्वशुल्काचा किती, हे शिकू नये असे काही कारण नाही. आजच्या कोणत्याही सर्वसाधारण जैवतंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात हा हिशेब वाणिज्य शाखेचा मानून सोडून दिलेला दिसतो.

प्रकल्पाचा एक विषय

संशोधन प्रकल्पाचे श्रेयांक आता अभ्यासक्रमात आहेतच. ते बहुतेक वेळा उधारीच्या अभिकर्मकांवर, कोणीतरी आधी केलेल्या प्रयोगाच्या पुनरावृत्तीत संपतात. त्यांतील एक प्रकल्प असा कल्पिता येतो. कार-टी उपचाराची दोन पानी माहिती विद्यार्थ्याने मराठीत लिहावी. ती बेलापूर, लोणी, अकोले येथील वीस-पंचवीस निरोगी प्रौढांना वाचून दाखवावी. त्यांत केळीवाला शेतकरी असावा, आशा कार्यकर्ती असावी, अक्षरओळख नसलेली आजीही असावी. प्रत्येकाने ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावे. ‘प्रतिसाद’चे ‘बरे होणे’ कोठे झाले, ‘वाहक’ कोणाला कोण वाटला, कोणत्या वाक्यापाशी माणूस गप्प झाला, याची नोंद निर्जंतुक कक्षातल्या नोंदवहीच्याच शिस्तीने व्हावी: त्याच क्षणी, खाडाखोड एका रेघेने, सही व तारखेसह. मग मजकूर दुरुस्त करून पुन्हा वाचावा. या प्रकल्पाला अतिशीत कपाट लागत नाही, की आयात केलेला विषाणू. परीक्षकाची नेमणूक मात्र अवघड जाईल. विज्ञान शाखेचा की मराठी विभागाचा, यावर विद्यापीठाच्या परिपत्रकात अजून रकाना नाही.